पासोडी वाचायची की पाहायची?

डिझाइनच्या विद्यार्थ्याने वही बाळगावी, कात्रणे जमवावीत, भिंतीवर चित्रे टाचावीत; शिस्तही येते आणि स्फूर्तीही, असा उपदेश सर्रास केला जातो. पण जमवणे म्हणजे रचणे नव्हे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते, हा किचकट विषय त्यांनी ओव्या आणि आकृत्या यांत लावून दाखवला. येथे शिस्त आणि प्रतिभा वेगळ्या काढताच येत नाहीत. आपण मराठीचे अध्यापक मात्र या पासोडीतील ओव्या तेवढ्या उचलतो आणि मांडणीला अलंकरण समजून सोडून देतो. मग डिझाइनच्या विद्यार्थ्याला ही आपली परंपरा आहे हे सांगणार कोण? पासोडीची मांडणीही अभ्यासक्रमात आलीच पाहिजे.