आज पाण्याचा दिवस नाही

गेल्या आठवड्यात धाकट्याने दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढला आणि माझ्यासमोर टाकला. "बाबा, सही."

आठवीच्या मुलामुलींसाठी शाळेत डॉक्टर येणार, 'वयात येताना' या विषयावर बोलणार. पालकांची हरकत नाही अशी सही हवी. खाली बारीक अक्षरात: याविषयी चर्चेसाठी शनिवारी सकाळी पालकसभा.

सही करायला तीन सेकंद लागतात. मी कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवला आणि म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा माझा पेटंट शब्द आहे. कधी कधी तो चार-चार वर्षं चालतो.

त्या कागदाने मला थेट २०१५ मध्ये नेऊन बसवलं. जान्हवीच्या बाळापाशी.

तुमच्यापैकी जे तेव्हा कॉलेजात होते, त्यांनी 'होणार सून मी ह्या घरची' बघितली नसेल, पण तिच्यावरचे जोक नक्की फॉरवर्ड केले असतील. जुलै २०१३ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली ही मालिका म्हणजे आमच्या घरची रात्री आठची आरती. श्री आणि जान्हवी, म्हणजे शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान. त्यांच्या सहा सासवा. वर रोहिणी हट्टंगडींची आईआजी. आठ वाजता कुणाचा फोन आला तर तो साडेआठला उचलला जायचा. मी 'बायकांच्या सीरियल' बघत नाही असं ऑफिसात सांगायचो आणि घरी पेपर तोंडासमोर धरून एकही एपिसोड चुकवायचो नाही. पेपर उलटा असल्याचं आईने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

तर जान्हवीला दिवस गेले. आणि जातच राहिले! २०१५ चं जवळजवळ सगळं वर्ष महाराष्ट्र त्या बाळाची वाट बघत होता. हत्तीणसुद्धा बावीस महिन्यांत मोकळी होते, असे मेसेज फिरत होते. आमची लेक तेव्हा सात वर्षांची. एका रात्री ब्रेक लागला आणि तिने विचारलं, "आजी, बाळ नऊ महिन्यांत येतं ना? मग हिचं का येत नाही?"

आई म्हणाली, "सीरियल संपली की येईल." सगळे हसलो. लेकीचं समाधान झालं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "बाबा, पण ते पोटात जातं कसं?"

सन्नाटा. टीव्हीवर कुठल्या तरी साबणाची जाहिरात. आईने शेंगा सोलायला घेतल्या. बायको स्वयंपाकघरात गेली, तिथे काही काम नव्हतं. आणि मी उठून म्हणालो, "थांब हं, नळाला पाणी आलंय का बघतो."

सोलापूरकरांना यातली मेख लगेच कळेल. उजनी धरण भरलेलं असो वा रिकामं, आमच्याकडे पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं आणि घरातल्या लहान पोरालाही त्याचा वार पाठ असतो. लेक म्हणाली, "बाबा, आज आपला पाण्याचा दिवस नाही."

तरी मी गेलो. कोरड्या नळाजवळ पाच मिनिटं उभा राहिलो. परत आलो तेव्हा ब्रेक संपला होता आणि प्रश्नही. सुटलो, असं वाटलं.

पुढे बाळ आलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये मालिकाही संपली. गंमत बघा. जवळजवळ वर्षभर आमच्या हॉलमध्ये रोज रात्री एक गरोदर बाई येत होती. डोहाळे, डॉक्टर, काळजी, सगळं सहकुटुंब सहपरिवार बघितलं. घरात हा विषय काढायला याहून सोपी संधी कुणाला मिळेल? पण आम्ही रोज जान्हवीच्या तब्येतीची चौकशी केली आणि मुलीचा एक प्रश्न नळावर सोडून आलो.

त्याचं बिल २०१९ मध्ये आलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या होत्या. लेक सहावीत. दोन दिवस ती गप्प-गप्प होती, जेवण अर्धवट. मला वाटलं, नवीन वर्ग, मैत्रीण बदलली असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, कॅन्सरला किती पैसे लागतात?"

मी लॅपटॉपमधून मान वर न करता विचारलं, "का गं? प्रोजेक्ट आहे का?"

ती "हो" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी आईला गादीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला शाळेचा स्कर्ट सापडला आणि सगळा उलगडा झाला. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका काकू कॅन्सरने गेल्या होत्या. 'अंगावरून जात होतं म्हणे, कुणाला सांगितलं नाही,' एवढं बायकांचं बोलणं लेकीच्या कानावर पडलं होतं. तिने दोन आणि दोन चार केले. अकरा वर्षांची पोर दोन रात्री मरणाच्या भीतीने जागी होती, आणि तिला काळजी कसली, तर बाबांना खर्च किती येईल!

आईने तिला जवळ घेऊन 'कावळा शिवला' म्हणून सांगितलं. ती रडत रडत विचारत होती, "कुठला कावळा?"

चूक कुणाची? बायको तेव्हा बँकेच्या नोकरीसाठी रोज बार्शीला अप-डाउन करायची. तिला वाटत होतं, अजून वर्षभर आहे, दिवाळीच्या सुट्टीत निवांत बोलू. मला वाटत होतं, हे माझं खातंच नाही. आईला वाटत होतं, हल्ली शाळेत सगळं सांगतात. आणि शाळेत? शाळेने सातवीत सांगितलं. मुलींना हॉलमध्ये नेऊन दार लावलं, मुलांना ग्राउंडवर पिटाळलं. दाराआड काय चाललंय यावर मुलांनी पुढे महिनाभर जोक केले.

शाळांना तरी काय म्हणणार! २००७ मध्ये मी नोकरीत नवा होतो. एड्सला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा एक कार्यक्रम आखला होता. एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. पण त्या कार्यक्रमाच्या पुस्तकातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला, एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या पक्षांचं एकमत झालं आणि शालेय शिक्षणमंत्री वसंत पुरके यांनी हे शिक्षण थांबवल्याचं जाहीर केलं. कर्नाटक, मध्य प्रदेशातही तेच झालं. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी यावर चर्चा झाली. "बरं झालं, फालतू थेरं," असं जो म्हणाला, तो मीच.

आणि हे कुठल्या महाराष्ट्रात? जिथे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक प्रश्न विचारायचे, कर्वे शास्त्राला धरून उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी मासिक बंद केलं नाही. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. लोक प्रश्न विचारतात, तर कुणीतरी उत्तर द्यायला नको का, एवढाच कर्व्यांचा मुद्दा होता. ते अनोळखी वाचकांना उत्तरं देत होते. मला स्वतःच्या मुलीला देता आलं नाही.

आमच्या पिढीचं शिक्षण कसं झालं, तेही सांगतो. माझं लग्न ठरलं तेव्हा एका मित्राने डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' पेपरात गुंडाळून आणून दिलं, जणू काही गावठी कट्टाच. ते कपाटात स्वेटरखाली राहिलं. २०१३ मध्ये रवी जाधव यांचा 'बालक-पालक' आला. मोठ्यांनी उत्तरं दिली नाहीत की मुलं ती कुठून मिळवतात, याची ती गोष्ट. सिनेमा फार आवडला. आम्ही दोघं बघायला गेलो होतो, बालकांना आजीकडे ठेवून!

आता तुम्ही म्हणाल, आमची लग्नं व्हायची आहेत किंवा पोरगं अजून तीन वर्षांचं आहे, आम्हाला हे कशाला? मंडळी, तीन वर्षांचं आहे म्हणूनच. त्याला आंघोळ घालताना तुम्ही नाक, कान, गुडघा, सगळ्यांची नावं सांगता. मधल्या भागाला काय म्हणता? 'शी-शूची जागा', नाहीतर 'छी, हात काढ'. आमचं सोलापूर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारं. एकाच जिन्यात तिन्ही भाषांत भांडणं होतात. पण या तीन भाषांतला एकही शब्द आमच्या घरात त्या अवयवासाठी मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा झाला, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला संरक्षण मिळालं. पण कुठे हात लावला, हे सांगायला पोराकडे शब्दच नसेल, आणि त्या जागेचं नाव काढलं की घरचे रागावतात हे त्याला पक्कं ठाऊक असेल, तर ते सांगणार कसं?

तर शनिवारची सभा. आठवीच्या बाकांवर गुडघे अडकवून चाळीसेक पालक बसलेले. बाईंनी प्रास्ताविक केलं आणि मागून एक दणदणीत आवाज आला, "आपल्याला कोण शिकवलंय ओ? झालीच की पोरं!"

वर्ग हसला. मीही हसलो, सवयीने. एक ताई म्हणाल्या, "मोबाइलवर सगळं बघतातच पोरं, आणखी कशाला उघडं करायचं?" दुसरे म्हणाले, हे बाहेरचं खूळ आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही. हाच समज चुकीचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधल्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय. मी ते सांगणार होतो, मुद्दे लिहूनही नेले होते.

उभा राहिलो आणि तोंडून भलतंच बाहेर पडलं. "माझ्या मुलीला पाळी आली तेव्हा तिला वाटलं, तिला कॅन्सर झालाय. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. घरात तीन मोठी माणसं होती."

चारचौघांत 'पाळी' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. आकाश कोसळलं नाही. पंखा फिरत होता. मी पुढे एवढंच म्हणालो की मुलामुलींना एकत्र बसवा, कुणाला ग्राउंडवर पाठवू नका. आणि खाली बसलो.

सभेचा निकाल काय? बाई म्हणाल्या, पहिला तास एकत्र घेऊ, दुसरा वेगवेगळा. काही जणांनी सही केली नाही ती नाहीच. पार्किंगमध्ये मी स्कूटर काढत होतो, तेव्हा तो दणदणीत आवाजवाला गृहस्थ जवळ आला. आवाज आता एकदम खाली. "आमची पण पाचवीत आहे ओ. घरात कोण बोलायचं, मी का बायको?"

मला कुठे पुस्तकी उत्तर माहीत होतं! जे सुचलं ते सांगितलं, "ती विचारेल तेव्हा जो समोर असेल, तो."

मंडळी, इतक्या वर्षांत मी शिकलो ते एवढंच. योग्य वेळ, योग्य वय, योग्य माणूस याची वाट बघता बघता प्रश्न निघून जातो. मुलं सगळं शास्त्र एकदम मागत नाहीत. एक प्रश्न, दोन वाक्यांचं उत्तर, संपलं. सात वर्षांच्या पोरीला 'आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, आईचं बीज आणि बाबांचं बीज एकत्र आलं की तिथे बाळ वाढतं' एवढं पुरलं असतं. ब्रेक संपायच्या आत झालं असतं. उत्तर येत नसेल तर 'मला नीट माहीत नाही, उद्या सांगतो' म्हणा. पण मग उद्या खरंच सांगा. पहिला प्रश्न टाळला की दुसरा आपल्याकडे येत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

हा कॉलम लिहायच्या आधी लेकीची परवानगी घेतली. ती आता सतरा वर्षांची आहे. थोडा विचार करून म्हणाली, "लिहा. नाव नको. आणि ते नळाचं नक्की लिहा."

त्याच रात्री जेवणं झाल्यावर धाकटा ताटाशी चाळा करत बसून राहिला. बायको आवराआवर करत होती, आई आत जप करत होती. तो खाली बघत म्हणाला, "बाबा, मुलांना पण काहीतरी होतं ना? म्हणजे... कधी होतं?"

तेवढ्यात खाली नळाचा तो ओळखीचा फुसफुस आवाज आला. आज खरोखरच पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी आलेलं पाणी! माझे हात टेबलावर टेकले, मी अर्धा उठलोसुद्धा.

आतून लेकीचा आवाज आला, "बाबा, तुम्ही बसा. मोटर मी लावते."