नकाशात नसलेली गल्ली

आपल्या प्रत्येक वस्तीत आज पाच-दहा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. कुणीतरी तुंबलेल्या गटाराचा फोटो टाकतो. वीस अंगठे येतात, चार हात जोडलेले येतात, आणि सकाळपर्यंत तो फोटो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. महिन्याभराने गॅस्ट्रोची साथ आली की पुन्हा तोच फोटो शोधायचा, तर सापडत नाही. सापडला तरी गटार कोणते, तारीख कोणती, कुणी सांगू शकत नाही. मग वॉर्ड ऑफिसात जाऊन दाखवायचे काय?

मोबाइल हातात आहे तर त्याचा सगळ्यांनी मिळून उपयोग करावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी एक साधन आमच्या मनात भरले आहे, ते म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा. 2004 साली इंग्लंडमध्ये तो सुरू झाला. फुकट आहे, आणि विकिपीडियासारखा कुणीही त्यात भर घालू शकतो. उपग्रहाच्या चित्रावरून घरांची छपरे, रस्ते आखता येतात. पण नळ कोणता चालू, संडास कोणता बंद, स्ट्रेचर कोणत्या बोळातून जाते, हे वरून दिसत नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

केनियातल्या नैरोबी शहरात किबेरा नावाची फार मोठी झोपडवस्ती आहे. माणसांनी गच्च भरलेली, पण सरकारी नकाशावर तिथे जंगल दाखवलेले! 2009 साली तिथल्याच तरुण मुलामुलींनी जीपीएस यंत्रे घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि दवाखाने, पाण्याच्या जागा, संडास, शाळा या नकाशात भरल्या. मग तो कागदावर छापून घेतला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला, आणि वस्तीतल्या लोकांना बोलावून कुठे काय कमी आहे, कुठे धोका आहे ते आखून घेतले. हा दुसरा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. इंटरनेटवर नकाशा होतो, पण वाद समोरासमोर बसूनच घालावा लागतो.

एवढे लांब कशाला, आपल्या पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही संस्था कितीतरी वर्षे वस्त्यांचे नकाशे आणि घरोघरची माहिती एकत्र जोडते आहे. कोणत्या घरात संडास नाही, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, हे आधी बघायचे. मग संस्था सामान देते आणि घरवाले बांधकामाचा खर्च उचलतात. पुणे, सांगली, कोल्हापुरात असे घरोघरी संडास झाले आहेत.

आपण सुरुवात सार्वजनिक संडासापासून करावी. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमाप्रमाणे 25 बायकांमागे एक सीट आणि 35 पुरुषांमागे एक सीट हवी. 500 माणसांच्या वस्तीत निम्म्या बायका धरल्या तर त्यांना 10 सीट लागतात. आता मोजा. दार असलेली, पाणी असलेली, दिवा असलेली सीटच मोजायची. कुलूप लावलेली मोजू नका. वॉर्डात काम करताना लघवीची जळजळ, ताप, पोटात दुखणे घेऊन आलेल्या कितीतरी बायका आम्ही पाहिल्या. विचारले की कळायचे, रात्री जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. गोळी देऊन हे दुखणे परत परत येणारच. त्यामुळे हे काम फक्त फोन छान चालवणाऱ्या पोरांवर सोडू नका. कोणता संडास अंधार पडल्यावर टाळायचा, हे त्यांच्या आयांना विचारा.

एक गोष्ट मात्र आम्ही ठासून सांगतो. नकाशावर जागा टाकायच्या, आजार नाही. अमक्या घरी टीबी, तमक्या घरी एचआयव्ही, असे कुणीही लिहायचे नाही, ग्रुपवरसुद्धा नाही. एचआयव्हीबद्दल तर 2017 चा कायदाच आहे; माणसाच्या संमतीशिवाय ही गोष्ट उघड करता येत नाही. नावे, फोन नंबर, आधार हेही नको.

काही जुनी माणसे म्हणतात, नकाशात आलो की पाडापाडी येईल. भीती खोटी नाही. पण बुलडोझरला आपली वस्ती नकाशाशिवाय सापडते. 108 च्या ड्रायव्हरला सापडत नाही. शिवाय राहण्याचे पुरावे, पावत्या, मतदार यादीतले नाव हे वेगळे जपून ठेवायचेच आहे.

येत्या रविवारी चार मुली, दोन मुलगे आणि वस्तीची खडान्‌खडा माहिती असलेली एक आजी एवढे जण पुरेत. दोन तास फिरा. नळ, संडास, गटाराची तोंडे, विजेचे उघडे खांब, अंगणवाडी, आणि अॅम्ब्युलन्स जिथपर्यंत येऊ शकते ती शेवटची जागा टाका. प्रत्येक नोंदीची तारीख वहीत लिहा. तक्रार देताना नकाशाची प्रत जोडा आणि पोच घ्या. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण दुरुस्त केलेले दार टिकतेच असे नाही. छापलेला नकाशा विहाराच्या भिंतीवर लावा, म्हणजे फोन नसलेल्यांनाही चूक दाखवता येईल. शेजारी पेन्सिल ठेवा, पण दोरीने बांधून. नाहीतर दुसऱ्या दिवशी ती दिसायची नाही.