बाकावरचे वर्ष

मराठीचा प्राध्यापक आणि बास्केटबॉल ही जोडी ऐकली की माणसे आधी माझ्या उंचीकडे पाहतात, मग पोटाकडे पाहतात आणि मग सभ्यपणे विषय बदलतात. त्यांचे काही चुकत नाही. माझ्या हातात खडू शोभतो, चेंडू शोभत नाही. पण खेळ आवडण्यासाठी तो खेळता यावाच लागतो असे असते, तर आपल्याकडे क्रिकेटची चर्चा करायला अकराच माणसे उरली असती!

या सदराचे वाचक वर्षभर माझी बडबड ऐकून घेतात. दिवाळीत पाहुण्याला नेहमीच्या पोळीभाजीऐवजी काही वेगळे द्यावे, म्हणून यंदा जरा लांबचा पदार्थ आणला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ हा तो पदार्थ.

आता हा संघ माझ्या वाट्याला कसा आला? माणूस सासर जसे निवडतो तसाच मी तो निवडला, म्हणजे निवडलाच नाही. ताईचा मुलगा शार्लट्सव्हिल गावी त्या विद्यापीठात शिकायला गेला. सन १८१९ मध्ये थॉमस जेफरसनने स्थापलेले हे विद्यापीठ. पहिल्या वर्षी भाचा फोनवर अभ्यासाबद्दल बोलायचा, दुसऱ्या वर्षापासून सामन्यांबद्दल बोलू लागला. ताईला त्याची काळजी वाटे. मला कुतूहल वाटू लागले. तिकडचा रात्रीचा सामना म्हणजे आपली पहाट किंवा सकाळ. दूध तापत ठेवून संगणकासमोर बसायचे, आणि दूध उतू गेले की सौ.च्या तोंडून त्या संघाचा उद्धार ऐकायचा, असा क्रम पडून गेला.

शिवाय या खेळाशी माझे एक व्यावसायिक नातेही निघाले. तो खेळ एका मास्तराने शोधून काढला. सन १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांच्या गळ्यात हिवाळ्यात कंटाळलेला एक द्वाड वर्ग पडला. त्यांनी सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. वर्गाला आवरण्याच्या खटपटीतून जगाला एवढे मोठे काही देणारा दुसरा शिक्षक माझ्या तरी पाहण्यात नाही.

तर त्या मुलखात मार्च महिना आला की विद्यापीठांची मोठी स्पर्धा भरते. अडुसष्ट संघ असतात. एकदा हरला की घरी. चार विभाग, आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा असे मानांकन. पहिल्या क्रमांकाची गाठ सोळाव्याशी. १९८५ साली स्पर्धा चौसष्ट संघांची झाली तेव्हापासून अशी गाठ १३५ वेळा पडली होती आणि १३५ वेळा पहिलाच जिंकला होता. २०१८ साली व्हर्जिनियाचा संघ ३१ सामने जिंकून, केवळ २ हरून तेथे उतरला. साऱ्या देशात अव्वल! समोर होते मेरीलँड राज्याचे बाल्टिमोर काउंटीतले विद्यापीठ. तोवर त्याचे नाव होते ते बुद्धिबळात. मध्यंतराला दोघांचे गुण २१-२१. आणि शेवटी? व्हर्जिनिया ५४, बुद्धिबळवाले ७४.

तारीख तिकडे १६ मार्च. आपल्याकडे शनिवारची सकाळ उजाडली होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मी साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन आलो, तो भाच्याचा फोन. बराच वेळ तो बोलेचना. शेवटी म्हणाला, "मामा, इतिहास घडला रे." कडुलिंब आम्ही त्या वर्षी एक दिवस आधीच खाल्ला.

मोसम संपला की चाहते मंडळी त्याचा पंचनामा करतात. हा प्रकार मोठा रंजक असतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासतात, तिकडे संघ तपासतात. कोणत्या खेळाडूची फेक किती वेळा टोपलीत गेली, कोण बचावात झोपला, कोणाला बसवायला हवे होते, पुढच्या वर्षी कोण जाणार आणि कोण येणार. एकेका मुद्द्यावर पाने भरतात. त्या वर्षीचा पंचनामा मात्र निर्दय होता. प्रशिक्षक टोनी बेनेट यांची संथ, घट्ट बचावाची पद्धतच कालबाह्य आहे, असा निकाल पुष्कळांनी देऊन टाकला.

बेनेट यांनी त्या रात्री पत्रकारांसमोर बसून हार सरळ पदरात घेतली. पंचांना, दैवाला की मनगट मोडून घरी राहिलेल्या आपल्या उत्तम खेळाडूच्या दुखापतीला बोल लावला नाही. आणि पुढे वर्षभर मुलांना ते एकच सांगत राहिले, की आलेले संकट नीट वापरता आले तर ते अशा ठिकाणी नेते जिथे दुसऱ्या वाटेने पोहोचताच आले नसते. काइल गाय नावाच्या खेळाडूने तर त्या रात्रीचा, गुडघ्यांवर हात टेकून हताश उभा असलेला आपला फोटो मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवला.

आपल्या पंचांगात त्या पाडव्याला विलंबी नाम संवत्सर सुरू झाले. नाव किती समर्पक! पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात पुन्हा सोळाव्या क्रमांकाचा संघ समोर आला आणि पूर्वार्धात हे महाशय १४ गुणांनी मागे. माझे दूध उतू गेले. पण ते सावरले. पर्ड्यूविरुद्ध अखेरच्या क्षणी निसटलेला चेंडू पाच फूट नऊ इंचांच्या किहाय क्लार्कने धावत जाऊन पकडला, लांबवरून ममादी डियाकिटेकडे फेकला आणि त्याने घंटा वाजता वाजता बरोबरी साधली. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना काइल गायला तीन मुक्त फेकी मिळाल्या. फोटोतला तोच मुलगा! तिन्ही टोपलीत, विजय एका गुणाने. आणि ८ एप्रिल २०१९ रोजी मिनियापोलिसला टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवून व्हर्जिनियाने इतिहासातले आपले पहिले विजेतेपद मिळवले. नवा पाडवा होऊन तीनच दिवस झाले होते. घरात श्रीखंड उरले होते, ते कामी आले.

यापुढची गोष्ट विजयाची नाही, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती आहे नव्या खेळाडूंच्या भरतीची.

तिकडे चांगला खेळणारा शाळकरी मुलगा म्हणजे उपवर स्थळ. जाणकार लोक मुलांना एकपासून पाचपर्यंत तारे देतात. पत्रिकेतले गुणच म्हणा ना. मोठमोठे प्रशिक्षक मुलाच्या घरी जातात, दिवाणखान्यात अंग चोरून बसतात आणि आईला सांगतात की तुमच्या मुलाच्या शिक्षणाकडे आम्ही जातीने लक्ष देऊ. आई विचारते, जेवणाचे काय? मग मुलगा विद्यापीठ पाहायला जातो. यालाही मुहूर्त असतात. वर्षातले काही दिवस 'मृतकाळ' ठरवलेले. त्या दिवसांत मुलाला समोरासमोर भेटायचे नाही. सौ. म्हणाली, "म्हणजे त्यांचाही चातुर्मास आहे तर!"

पण भरती होणे म्हणजे खेळायला मिळणे नव्हे. बेनेट यांच्या संघात ही गोष्ट विशेष होती. डी'आंद्रे हंटर २०१६ मध्ये आला. पहिले वर्षभर त्याने रोज सराव केला, वजन उचलले, वर्गात बसला, आणि एकही सामना खेळला नाही. सामन्याच्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. याला तिकडे 'रेडशर्ट' वर्ष म्हणतात. गिनी देशाहून आलेल्या डियाकिटेनेही असेच एक वर्ष बाकावर काढले होते. २०१८ ला मनगट मोडून घरी राहिलेला तो हंटरच. आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधणारा, एकूण २७ गुण मिळवणारा तोही हंटरच.

मला त्या विजेतेपदाचे रहस्य या बाकावर सापडते. शिक्षकाला हा बाक ओळखीचा असतो. प्रथम वर्षाला खिडकीजवळ मुकाट बसणारा मुलगा तिसऱ्या वर्षी अचानक असा निबंध लिहितो की आपण खुर्चीवरून उठतो. मधल्या दोन वर्षांत काय झाले ते कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

हा बाक आता रिकामा होऊ लागला आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सामान्यतः वर्षभर बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मोकळीक मिळाली, २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीदाही. १ जुलै २०२१ पासून मुलांना आपले नाव आणि चेहरा वापरू देण्याबद्दल पैसे घेता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्स. आता मोसम संपला की खेळाडू आपले नाव एका यादीत घालतात आणि बोलणी सुरू होतात. पंचनामा पुरा होण्याआधी संघच नाहीसा!

हे ऐकून जुन्या माणसांनी हळहळावे, हे स्वाभाविक आहे. पण मला सरसकट हळहळता येत नाही. या मार्चच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे पैसे वर्षाला शंभर कोटी डॉलर्सच्या घरात जातात. प्रशिक्षक लक्षावधी डॉलर्स घेत आणि ज्यांच्या घामावर हे सारे चाले त्या मुलांना शिष्यवृत्तीवर समाधान मानावे लागे. कित्येकांच्या घरची चूल जेमतेम पेटत असे. दुसऱ्याने उपाशी राहून दाखवलेल्या निष्ठेचे कौतुक करणे फार सोपे असते. ताईने एकदा फोनवर सुनावले, "तुझा भाचा दुप्पट पगारावर दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा तू पेढे वाटलेस. मग त्या मुलांनी का थांबायचे?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

बेनेट यांच्याजवळ मात्र स्वतःपुरते उत्तर होते. विजेतेपदानंतर त्यांनी पगारवाढ नाकारली होती आणि पत्नीसह पाच लाख डॉलर्स खेळाडूंच्या पुढील आयुष्याच्या तयारीसाठी देऊन टाकले होते. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी, मोसम तोंडावर आला असताना, पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पद सोडले. मुलांना पैसे मिळणे योग्यच आहे, असे ते म्हणाले. आपण जुन्या रीतीने शिकवण्यास लायक होतो, या नव्या रीतीत या कामाला आपण योग्य माणूस राहिलो नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. कोणावर आळ नाही, काळाला शिव्या नाहीत.

ती बातमी मी दोनदा वाचली. माझ्याही वर्गात दरवर्षी काहीतरी बदलते. अभ्यासक्रम बदलतो, परीक्षा बदलते, मुलांच्या हातातले यंत्र बदलते. आपली रीत संपली हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा आपल्यात येईल का, आणि तो येईतो मुलांचे नुकसान तर होणार नाही ना, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या टेबलावर येऊन बसला आहे. सध्या तरी मी खडू खाली ठेवलेला नाही. पण वर्गात शिरताना तो हातात जरा जपून धरतो.

त्यांच्या माघारी संघाने तो मोसम १५ विजय व १७ पराभवांवर संपवला. मग मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने नवा प्रशिक्षक नेमला. कोण असावा? रायन ओडम! २०१८ साली त्या बुद्धिबळवाल्यांच्या बाकाशेजारी उभे राहून ज्यांनी व्हर्जिनियाचे नाक कापले, तेच. त्यांचे वडील पूर्वी याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते. सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "बिभीषणाला राज्य दिले म्हणा की!" मी म्हटले, "उलट आहे. येथे राज्यानेच शत्रूला बोलावून आणले." ती म्हणाली, "मग शहाणे दिसतात."

त्यांनी जवळजवळ सारा संघ नव्याने जमवला. कोणी दुसऱ्या विद्यापीठातून, एक बेल्जियमहून, एक जर्मनीहून, आणि एक शार्लट्सव्हिलचाच, गल्लीतला. भाच्याने यादी पाठवली आणि खाली लिहिले, "मामा, नवी नावे पाठ कर." केली. दर जूनमध्ये नव्या हजेरीपटावरची ऐंशी नावे पाठ करणाऱ्याला पंधरा नावांचे काय!

मात्र आता पंचनामा वाचण्याची माझी पद्धत बदलली आहे. गुण, टक्के, तारे हे भाच्याने पाहावे. मी मोसम संपला की एवढेच शोधतो, की या वर्षी ज्याला फारसे खेळायला मिळाले नाही असा एखादा मुलगा पैशाची दुसरी बोलणी मोडून पुढच्या वर्षीही त्याच बाकावर बसायला तयार झाला आहे का. असा एक जरी सापडला, तरी त्याचे नाव मी डायरीत टिपून ठेवतो. तो पुढे काय करील हे सांगता येत नाही. पण सकाळी दूध तापत ठेवायला तेवढे कारण मला पुरते.