चिऊनं दार कधी उघडावं?

बालसाहित्य संमेलनाची पत्रिका उघडली की क्रम ठरलेला दिसतो: ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, 'मुलं वाचत का नाहीत' यावर परिसंवाद आणि पाहुण्यांना उशीर झालाच तर मुलांना गुंतवून ठेवायला कथाकथन. हा क्रम उलटा हवा. मूल पुस्तकापर्यंत आधी कानांनी पोचतं, आणि गोष्ट सांगणं ही शिकावी लागणारी कारागिरी आहे. चिऊकाऊचीच गोष्ट घ्या. कागदावर ती दहा-बारा ओळींत संपते आणि सपाट वाटते. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो आणि ती आतून बाळाच्या आंघोळीपासून तीट लावण्यापर्यंत एकेक निमित्त सांगत राहते. सगळी मजा त्या न उघडणाऱ्या दारात आहे. ते किती वेळा ठोठावायचं, हे सांगणारा समोरच्या चेहऱ्यांवरून ठरवतो. जांभई दिसली की बाळाचं काजळ गाळायचं, डोळे विस्फारले की आणखी एक काम वाढवायचं. चिऊचं उत्तर मुलांना ठाऊक असतं, तरीही, किंबहुना म्हणूनच, ती त्याची वाट बघतात. शिवाय शेजारधर्माच्या दृष्टीनं ही चिऊ काही आदर्श नव्हे. भिजणाऱ्याला बाहेर ताटकळत ठेवणारी ही बाई कुठल्याही तात्पर्यावाचून पिढ्यान् पिढ्या टिकली आहे.

इथं संस्कारवादी मंडळी साने गुरुजींचं नाव घेतील. घ्यावंच. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिच्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलं, कारण आश्रमातले सोबती रात्री जमतात आणि श्याम त्यांना सांगतो, अशी तिची घडणच आहे. मराठीतलं संस्कारांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक ऐकणाऱ्यांच्या कोंडाळ्यात उभं आहे. त्यातला उपदेश पोचतो तो आधी आई, तिचा राग, घरातली ओढाताण डोळ्यांसमोर येते म्हणून. भावनगरच्या बालमंदिरात काम करताना गिजुभाई बधेकांनी तर गोष्ट सांगण्यावर 'वार्तानुं शास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि त्यात आनंदाला पहिलं स्थान दिलं. आपल्याकडे मात्र गोष्ट संपायच्या आत कुणीतरी 'यावरून काय शिकलात?' विचारतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आयतं ऐकायला मिळालं तर मूल वाचेल कशाला? शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत, ते छापून आलेल्या कथांचंच. कथा वाचलेले लोकही ऐकायला गर्दी करत. हे श्रोते मोठे होते, हे खरं. पण लहान मूल तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतं आणि सांगणाऱ्यानं एखादा शब्द बदलला तर चूक काढतं. मजकूर इतक्या बारकाईनं धरून ठेवणं ही वाचनाचीच पूर्वतयारी. फक्त सांगून झाल्यावर ते पुस्तक मुलाच्या हाताला लागेल इतकं जवळ हवं. टेबलावर हार घालून मांडलेलं नको.

संमेलनाला जोडून होणाऱ्या कथाकथन स्पर्धांबद्दल मात्र बरं बोलणं अवघड आहे. पाठांतर, उच्चार, हावभाव या सगळ्यांना गुण. सिंह म्हटलं की पंजे, राजा म्हटलं की मिशीला पीळ, आणि नजर समोरच्या मुलांवर नाही, घंटेवर. ऐकणाऱ्यांचं काय झालं, याचा रकानाच गुणपत्रिकेत नसतो. तो घालायचा तर परीक्षकांच्या खुर्च्या आधी मुलांकडे वळवाव्या लागतील.