लग्नाचे शूटिंग : हौस कोणाची, घाम कोणाचा?

तुळशीचे लग्न लागले की नाशिकच्या इंदिरानगरात लग्नसराईची धांदल सुरू होते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील कामगार, शिक्षक, सरकारी कचेऱ्यांतील नोकरवर्ग आणि निफाड-सिन्नरकडच्या शेतीशी नाते राखून शहरात बिऱ्हाड केलेली कुटुंबे यांची येथे मोठी वस्ती आहे. मंगल कार्यालय ठरले, आचारी ठरला, की तिसरा प्रश्न हटकून पुढे येतो : शूटिंगला कोण सांगायचा? या प्रश्नाचा निकाल बहुधा मोबाइलवर दोन-चार नमुने पाहून, नात्यातल्या मागल्या लग्नाशी तुलना करून आणि अखेरीस दरात घासाघीस करून लावला जातो. पुरोगामी म्हणविणाऱ्या घरांतही याहून निराळे काही घडत नाही. हा हौसेचा, घरगुती मामला आहे, चळवळीने त्यात पडू नये, असे तेथे सांगितले जाते. परंतु हुंडाही घरगुती मामलाच म्हणविला जात होता. ज्या व्यवहारात कर्ज निघते, मजुरी ठरते आणि स्त्रीची प्रतिष्ठा पणाला लागते, तो व्यवहार उंबरठ्याच्या आत घडतो म्हणून राजकारणाच्या बाहेर राहत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने सांगण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लावला गेला. भटजीवाचून आणि अल्प खर्चात लग्न लागू शकते, हे त्या विवाहाने दाखविले. वधूवर आणि समाज यांच्यामध्ये उभा राहून दक्षिणा घेणारा मध्यस्थ जोतीरावांनी दूर केला. दीडशे वर्षांनंतर त्या जागी नवा मध्यस्थ येऊन उभा राहिला आहे. अंतरपाट केव्हा दूर व्हायचा, हार किती वेळा घालायचा, आईने लेकीच्या गळ्यात पडून कोणत्या बाजूला तोंड करून रडायचे, हे आता कॅमेऱ्याच्या सोयीने ठरते. मुहूर्त पाळणारेही कॅमेऱ्यासाठी मुहूर्त थांबवितात आणि मुहूर्त न मानणारे कार्यकर्ते कॅमेऱ्याची आज्ञा मुकाट्याने मानतात!

हा मध्यस्थ दक्षिणेवर भागत नाही. लग्नापूर्वीचे चित्रण, हळद, संगीत, लग्न, स्वागतसमारंभ असे त्याचे पाच अंक होतात. त्यावर ड्रोनचा आकार वेगळा, अल्बमचा वेगळा. दोन दिवसांच्या समारंभाचा हा हिशेब लाखाच्या पुढे सहज जातो. ज्याला परवडते त्याने तो खुशाल करावा, असे म्हणणाऱ्यांना प्रतिष्ठेचे अर्थशास्त्र कळलेले नाही. कारखानदाराच्या घरचा चित्रपट मोबाइलवरून कंत्राटी कामगाराच्या घरात पोचतो आणि तेथे तो कमीतकमी मर्यादा होऊन बसतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ पर्यंत ती उठविली नाही. हे पाच महिने म्हणजे नेमकी लग्नसराई. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात भाव पाडला गेला म्हणून त्या हंगामात लेकीच्या लग्नाचा थाट कमी करण्याची मुभा समाजाने कोणत्या बापाला दिली? उत्पन्न सरकारच्या एका आदेशाने कोसळते. खर्चाची पातळी मात्र शेजाऱ्यांच्या डोळ्यांत ठरलेली असते आणि दोहोंमधली दरी सावकार भरून काढतो.

येथवर वाचून कित्येक कार्यकर्ते मान डोलावतील आणि म्हणतील, मग शूटिंगच नको. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. साधेपणाचा उपदेश करणारा पुरुष बहुधा स्वतःच्या लग्नाचा पुरावा कोणी मागेल या भयापासून मुक्त असतो. टाकलेल्या बाईची गोष्ट वेगळी. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बायकांचा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावर आला. अशा बाईला कोर्टात लग्न झाल्याचे शाबीत करावे लागते. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्याप्रतिबंधाच्या कलमाखालील शिक्षा रद्द केली. कारण दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. पुढे १९ एप्रिल २०२४ च्या निर्णयातही, विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. तात्पर्य, सप्तपदीचे साधे, सलग, न कापलेले चित्रण हे एखाद्या स्त्रीच्या हातातले शस्त्र ठरू शकते. गोदाकाठी हातात हात घालून धावण्याचे चित्रण मात्र कोणत्याही कोर्टात तिच्या उपयोगी पडणार नाही. नेमक्या उलट प्रमाणात पैसा खर्च होतो, हे या बाजाराचे वैशिष्ट्य.

म्हणूनच पहिला प्रश्न, चित्रण कोणाच्या मालकीचे, हा असला पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन छायाचित्र किंवा चित्रपट करवून घेणारी व्यक्ती, उलट करार नसेल तर, त्याची प्रथम मालक असते. पण छापील करारनाम्याच्या बारीक अक्षरांत हा हक्क अनेकदा शूटिंगवाल्याकडे वळविला जातो आणि नवरीचे डोळे त्याच्या जाहिरातीत झळकतात. तो वळविला गेला नाही तरी प्रश्न उरतोच : चित्रण करवून घेणारा कोण? सासऱ्याने काम सांगितले असेल तर सून स्वतःच्या लग्नाच्या चित्रणापुरतीही परकी ठरण्याचा धोका राहतो. तेव्हा करार वधूच्या नावाने किंवा निदान दोघांच्या नावाने व्हावा आणि मूळ चित्रणाची एक संपूर्ण प्रत तिच्या स्वाधीन राहावी. समतेचे एवढे कलम मंगलाष्टकांपेक्षा अधिक काळ टिकेल.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड, कारण तो चळवळीच्याच घरातला आहे. शूटिंगवाला ठरविताना घासाघीस करून दहा हजार वाचविले, याचा अभिमान कार्यकर्त्यांच्या घरांत मिरविला जातो. ते दहा हजार कोणाच्या खिशातून गेले? काम घेणारा दुकानदार स्वतःचा नफा सहसा सोडत नाही. मोठ्या तिथीला त्याच्याकडे एकाच दिवशी तीन-चार कामे असतात; मग रोजंदारीवर मुले बोलाविली जातात. कॅमेरा बहुधा त्या मुलाचा स्वतःचा, हप्त्याने घेतलेला. पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत तो उभा असतो आणि वऱ्हाड जेवून उठल्यावर त्याच्या पानाची आठवण होते. पुढे संकलन करणारा दुसरा तरुण रात्री जागून त्या चित्रणाची कापाकापी करतो. यजमानाने शेवटचा हप्ता अडविला की पहिल्यांदा त्याचीच मजुरी अडते. चातुर्मासात दोघांनाही काम नाही. मंडपवाल्याशी, वाढप्यांशी, बँडवाल्यांशी आणि या मुलांशी जो वागतो तसाच त्याचा समाजवाद, मग व्यासपीठावरून त्याने काहीही सांगितलेले असो.

इंदिरानगरच्या जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि १९४४ साली त्यांनी नाशिकलाच देह ठेवला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी भांडवल उभे केले, हे सर्वांना पाठ असते. त्याच काळात सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत होत्या आणि चित्रपटासाठी जमलेल्या साऱ्या मंडळींना रांधून घालीत होत्या, याची आठवण फार थोड्यांना असते. पडद्यावरचा चेहरा दिसतो आणि पडद्यामागचा हात दिसत नाही, हा या धंद्याचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. आज तो नियम हजारो मुलांना लागू झाला आहे.

त्यांच्या पाठीशी कायदा किती आहे? १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. शूटिंगचे दुकान सहसा चार माणसांचे! उलट याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून दाखविला. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे राबणाऱ्या हमालाची नोंदणी मंडळात झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि वर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी व औषधपाण्याची सोय झाली. कामाची जागा रोज बदलते म्हणून संरक्षण देता येत नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते खांद्यावर कॅमेरा वाहणाऱ्यासाठी अशक्य का मानावे? तो स्वतःला कलावंत म्हणवितो, कामगार म्हणवीत नाही, हे खरे. असंघटित राहण्याची किंमत तो त्या एका शब्दापोटी मोजतो आहे आणि त्याला हे पटवून देण्याचे काम चळवळीनेच करावयाचे आहे.

तेव्हा शूटिंगवाला निवडताना नमुन्याच्या चकचकाटावर जाऊ नये. लग्नाच्या दिवशी कॅमेरा घेऊन प्रत्यक्ष कोण येणार, त्याला रोज किती मिळणार आणि तो केव्हा मिळणार, हे दुकानदाराला विचारावे. जो सांगण्याचे टाळील त्याला काम देऊ नये. कामाचे तास, जेवण, संकलनाची मुदत, हप्ते आणि मूळ चित्रणाची मालकी लेखी ठरवावी. विधी व नातलग यांचे साधे चित्रण घ्यावे, पुन्हा हार घालायला लावणे चालणार नाही, हे आधीच सांगावे. वाचलेल्या पैशातून राबणाऱ्यांना पुरा दाम द्यावा. साधे लग्न आणि स्वस्त मजूर यांची गल्लत करणारा साधेपणा चळवळीला परवडणारा नाही.

नाशिकच्या कार्यकर्त्यांनी याच्याही पुढे जाण्याची गरज आहे. यंदाचा चातुर्मास सुरू झाला की ही मुले रिकामी होतील. तोच त्यांना एकत्र बसविण्याचा काळ. किमान रोजाचा दर, करारनाम्याचा एक नमुना आणि माथाडीच्या धर्तीवर कल्याण मंडळाची मागणी एवढ्या तीन गोष्टींवर इंदिरानगरात पहिली बैठक व्हावी. पुढच्या तुळशीच्या लग्नापूर्वी तो दर ठरलेला असला पाहिजे, आणि तो देणाऱ्यांच्या यादीत पहिली नावे पक्षाच्या कार्यकर्त्यांची असली पाहिजेत.