कांद्याचा भाव आणि अंदाजाचा खेळ

'द प्राइस इज राइट' हा दूरचित्रवाणीवरील खेळ अमेरिकेत १९५६ साली सुरू झाला आणि १९७२पासून नव्या रूपात आजही चालू आहे. समोर ठेवलेल्या वस्तूची किंमत स्पर्धकांनी ओळखायची. खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळचा, पण तिच्या पुढे न जाणारा आकडा ज्याचा, तो विजयी. हरणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही.

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकही किमतीच्या अंदाजाचाच खेळ खेळतो. मात्र पणाला लागतात ते हंगामाचे कष्ट. उन्हाळ कांदा चाळीत भरला, की प्रश्न उभा राहतो : आज विकावा की थांबावे? थांबावे तर सड वाढते, वजन घटते. लाल कांद्याला तर थांबण्याचीही मुभा नाही; तो टिकतच नाही. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते, व्यापारी कांदा हातात घेऊन क्विंटलचा भाव पुकारतात आणि काही क्षणांत हंगामाचा निकाल लागतो. २०१८ साली निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे अवघे १०६४ रुपये मिळाले. ती रक्कम त्याने निषेध म्हणून पंतप्रधान कार्यालयाला पाठविली.

दूरचित्रवाणीवरील खेळात किंमत आधीच ठरलेली असते. स्पर्धकाने उत्तर दिल्यावर ती कोणी बदलत नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला एवढाही न्याय येऊ नये काय? २०२३च्या ऑगस्टमध्ये कांदा चाळीत असतानाच ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ८ डिसेंबरला, लाल कांदा बाजारात येत असताना, निर्यातबंदी आली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. शुल्क संपायला १ एप्रिल २०२५ उजाडला. अंदाज शेतकऱ्याचा चुकला नव्हता. नियम मध्येच बदलले होते.

ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे निर्विवाद. १९९८ साली दिल्लीतील भाजपच्या पराभवामागे कांद्याची दरवाढ हे एक प्रमुख कारण मानले गेले. तेव्हापासून कोणत्याही पक्षाचे सरकार या पिकाला बिचकून असते. पण महागाईचे भय हे धोरण नव्हे. निर्यातीची दिशा लागवडीपूर्वी जाहीर व्हावी, साठवणुकीची शास्त्रशुद्ध सोय गावोगावी व्हावी आणि भाव चढताच ओरडणाऱ्या शहरी कुटुंबांनी भाव कोसळल्यावरही शेतकऱ्याची आठवण ठेवावी. खेळाचे नियम खेळ सुरू होण्यापूर्वी ठरावेत, हे मागणे अवाजवी खचितच नाही.