खडखड दाराची की स्पीकरची?

आमच्या अब्बांची गाडी अकरा वर्षांची. कोंढव्याहून शिवाजीनगरला जाताना ते रेडिओवर बातम्या ऐकतात. यंदा पावसाळा सरता सरता पुढच्या डाव्या दारातून खडखड ऐकू येऊ लागली. एका दुकानदाराने दोन मिनिटं गाणं लावून पाहिलं आणि सांगितलं, "चाचा, चारही स्पीकर बदला." अब्बा पैसे द्यायला तयार होते. मी म्हटलं, "एक रविवार मला द्या."

स्पीकरचा आवाज दारातून येतो, म्हणून दोष स्पीकरचाच असं नाही. दार म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. आत काचेची यंत्रणा, लॉकचे दांडे, वायरी. जाड आवाजाबरोबर पत्रा थरथरतो आणि जे ढिलं असेल ते वाजतं.

आधी दाराचा कप्पा रिकामा करा. आमच्या कप्प्यात अत्तराची रिकामी कुपी आणि दोन नाणी निघाली! खडखड कमी झाली, पण गेली नाही. मग बॅलन्स आणि फेडर फिरवून फक्त त्या दाराचा स्पीकर चालू ठेवा. तोच आवाज पुन्हा लावा आणि दाराच्या आतल्या पॅडवर जागोजागी तळहात दाबा. दाबल्यावर खडखड थांबली तर पॅड किंवा त्याची क्लिप ढिली. आता बास कमी करून आवाज अगदी हळू ठेवा. तरीही बोलणं फाटकं, खरखरीत येत असेल तर मात्र स्पीकरचा कोन फाटला असेल किंवा कॉइल घासत असेल. तो बदलावाच लागतो.

आमचं बोलणं स्वच्छ होतं. म्हणून पॅड उघडलं. चावी काढून घ्या, हँडलच्या टोपीखाली लपलेले स्क्रू शोधा आणि खालच्या कडेपासून एकेक क्लिप सोडवा. पॅड एकदम ओढू नका, मागे वायरी जोडलेल्या असतात. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. अशा गाडीचं दार जाणत्या मेकॅनिककडूनच उघडून घ्या.

आत एक वायर मोकळी लोंबून पत्र्यावर आपटत होती, दोन क्लिपा तुटल्या होत्या, स्पीकरचा एक स्क्रू ढिला होता. खरी काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद खालून सुटला होता. काचेवरून दारात उतरणारं पाणी हा कागद अडवतो. तो तसाच राहिला असता तर पुढच्या पावसाळ्यात पाणी पॅडमध्ये आणि पायाखालच्या गालिच्यात मुरलं असतं. नवे स्पीकर बसवूनही हे कळलं नसतं.

नाना पेठेतून क्लिपा, कापडी टेप आणि चिकट पट्टी आणली. वायर टेपने गुंडाळून बांधली, स्क्रू आवळला, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावली, कागद पुन्हा चिकटवला. दाराच्या तळाची भोकं मात्र बुजवू नका. पाणी तिथूनच बाहेर जातं, ती बंद झाली की दार आतून गंजतं.

खर्च तीनशे रुपयांच्या आत. संध्याकाळी अब्बांनी रेडिओ लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आवाज साफ झाला. बातम्या मात्र तशाच!"